भूत जरा उशिरा आण
मित्रा, तुझ्या भुताच्या मालिकेत पहिल्याच भागात भूत नको. त्या २२ मिनिटांत दिसू दे ती गेलेल्या माणसाची रिकामी जागा: बेळगावकडच्या खानापूरच्या घरात सून सवयीनं दोन कप चहा गाळते, एक तसाच गार होतो, वर साय धरते. तिथंच कट. धडामधूम संगीत नकोच.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- दहाव्याला कावळा पिंडाला शिवला की दुःख संपवतात. अरे, तेराव्याचे पाहुणे गेले की मगच घर खायला उठतं!
- भूतच सगळी उत्तरं देतं. मग सुनेला बदलायला कारण काय? तिला चुकू दे, किंमत पुढच्या भागात मोजू दे.

भुताचा नियम एकच: पाऊस असेल तरच दिसतं. खानापूरला पावसाची काय कमी! फ्लॅशबॅकचं नंतर बघू.