तारा दिसल्या तर दिसू देत

प्रिय मित्रा,

जुने जपानी राक्षसपट आणि भूतपट बघायचेत, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. सिनेमांच्या नावांआधी टीव्हीचं सेटिंग बघू. निम्मी मजा तिथेच वाया जाते.

नव्या टीव्हीत मोशन स्मूदिंग असतं. सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो'. ते आधी बंद कर. दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही आपल्या पदरच्या फ्रेम घुसडतो आणि राक्षस हलका होऊन जातो.

हलका का, तर गणित बघ. गॉडझिला ज्या शहरातून चालतो ते साधारण १/२५ मापाचं बनवलेलं छोटं शहर. दोन मीटर उंचीवरून तुकडा जमिनीवर यायला पाऊण सेकंदही लागत नाही. खऱ्या पन्नास मीटरवरून तीन सेकंदांहून जास्त लागतात. फरक पाचपट, म्हणजे २५ चं वर्गमूळ. तो लपवायला कॅमेऱ्यानं सेकंदाला जास्त फ्रेम टिपायच्या आणि पडद्यावर नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेमनं दाखवायचं. हिशेबानं १२० फ्रेम हव्यात, पण गॉडझिलाचे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुरायांच्या युनिटमध्ये पुष्कळदा ७२ च्या आसपास भागवलेलं दिसतं. फ्रेम तिप्पट केल्या की प्रकाशही तिप्पट लागतो, आणि त्या काळचे दिवे म्हणजे भट्टी. त्यात पहिला गॉडझिलाचा पोशाख शंभर किलोच्या घरातला. आत हारुओ नाकाजिमा. पडद्यावर चाल संथ दिसावी म्हणून त्यांना प्रत्यक्षात झपझप हलावं लागायचं. हे डोक्यात ठेवून एक पाऊल पडताना बघ: टाच टेकते, मग कौलं उडतात, मग धूळ सावकाश खाली बसते. जिथे कॅमेरा नेहमीच्या वेगाला आणलाय तिथे राक्षस लगेच माणूस वाटायला लागतो. १९६५ च्या सिनेमात गॉडझिला चक्क उड्या मारत नाचतो, तिथे हे ढळढळीत दिसतं.

पाणी मात्र कुणाचं ऐकत नाही. शहर लहान करता येतं, थेंब लहान करता येत नाही. समुद्रातल्या दृश्यात फेसाचे बुडबुडे राक्षसाच्या नखाएवढे दिसले की माप उघडं पडतं. आगीचंही तेच.

ब्राइटनेस आणि शार्पनेस वाढवायचा मोह टाळ. १९६४ पासूनच्या किंग गिदोरा या राक्षसाच्या तीन माना, दोन शेपट्या आणि पंख वरून पियानोच्या तारांवर नाचवलेले, आत एक माणूस वेगळाच. थिएटरच्या प्रिंटमध्ये त्या तारा बऱ्याचशा फिल्मच्या दाणेदारपणात विरघळायच्या. आजच्या स्वच्छ स्कॅनमध्ये दिसतात. दिसल्या तर दिसू देत. नॉइज रिडक्शनही बंद ठेव, नाहीतर चेहरे मेणाचे होतात.

आता प्रत कोणती. १९५४ चा मूळ 'गोजिरा' (गॉडझिलाचं जपानी नाव) ९६ मिनिटांचा आहे. हातात ८० मिनिटांचा आला तर तो १९५६ चा अमेरिकी अवतार समज: मधली दृश्यं कापून रेमंड बर या नटाचा पत्रकार आत बसवलेला. तो नंतर गंमत म्हणून बघ, आधी नको. १९५७ नंतरचे तोहोचे, म्हणजे गॉडझिला काढणाऱ्या कंपनीचे, बरेच सिनेमे रुंद चौकटीचे, २.३५:१. आपल्या १६:९ टीव्हीवर वर-खाली मिळून पाव पडदा काळा राहायला हवा. चित्र पडदाभर आलं असेल तर दोन्ही कडा छाटल्यात. जुन्या चौकोनी टीव्हीसाठीच्या प्रतीत तर चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र जातं, आणि दोन राक्षसांच्या झुंजीत एकच उरतो. सबटायटलही तपास. ती कधीकधी मूळ जपानी संवादांऐवजी इंग्रजी डबिंगवरून उचललेली असतात.

'बी-ग्रेड' म्हटलं की आपल्याकडे रामसे बंधू आठवतात, पण हे लेबल सगळ्यांना सरसकट लावू नकोस. 'गोजिरा' हा तोहोचा मोठा, खर्चिक सिनेमा. त्याच कंपनीनं त्याच वर्षी 'सेव्हन सामुराय' काढला आणि नट ताकाशी शिमुरा दोन्हींत आहेत. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. दिग्दर्शक इशिरो होंडांच्या 'गोजिरा'ची सुरुवातच बुडणाऱ्या बोटीनं होते, हे तिथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही. खरी ओढाताण पुढची, टीव्हीनं प्रेक्षक पळवल्यावरची. १९७२ च्या 'गॉडझिला विरुद्ध गिगान'मध्ये गॉडझिलाचा १९६८ चाच पोशाख आहे. चिरा बघ, लोंबणारे तुकडे बघ. शिवाय आधीच्या सिनेमांतली दृश्यं जागोजागी चिकटवलेली: मध्येच रात्रीचा दिवस झाला की समजायचं.

भुताखेतांसाठी शिंतोहोकडे वळ. ही कंपनी खरोखर कमी पैशांत काम करायची आणि १९६१ मध्ये बुडाली. नोबुओ नाकागावांचा १९५९ चा 'योत्सुया काइदान' मूळ १८२५ च्या काबुकी नाटकावरचा. नवऱ्यानं विष दिलेली ओइवा केस विंचरते आणि केस मुळासकट हातात येतात. तो प्रसंग दिवे घालवून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघ. त्यांचाच 'जिगोकू' (१९६०) पहिला तासभर रेंगाळतो. सोडू नकोस, नरक पुढे आहे.

मग होंडांचाच 'मातांगो' (१९६३): निर्जन बेट, भुकेले लोक आणि खाऊ नयेत अशा आळंब्या. त्यानंतर शोचिकू कंपनीचा 'गोके' (१९६८), लाल आभाळातलं विमान आणि कपाळ चिरून आत शिरणारा परग्रहवासी. यात सफाई नाही, पण थांबायची सवडही नाही. १९७७ चा 'हाउस' सगळ्यांत शेवटी ठेव. नोबुहिको ओबायाशी जाहिरातींतून आलेले, आणि त्यातली ट्रिक मुद्दामच खोटी दिसते. खोटं लपवायची धडपड आधी पाहिली असेल तरच ती खोडी कळते.

मित्रांबरोबर बसून खिदळायला हरकत नाही, पण दुसऱ्या वेळी. पहिल्या खेपेला एकट्यानं बघ. आईबाबा ऐंशीच्या दशकात लहान असतील तर त्यांनाही बोलाव. दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट' त्यांना आठवत असेल. तीही जपानी तोएई कंपनीची १९६७-६८ ची मालिका, याच घराण्यातली.

मापाचा फरक बघायचा असेल तर दाएई कंपनीचे 'दाइमाजिन' बघ; तिन्ही एकाच वर्षी, १९६६ मध्ये आले. त्यातली दगडी मूर्ती जेमतेम साडेचार मीटरची, म्हणून घरं १/२५ नव्हे तर १/२.५ मापानं बांधली. तुळई मोडताना आणि धूळ उडताना लक्ष दे, आणि तोहोच्या एखाद्या शहराशी ताडून बघ. मूर्ती शेवटच्या भागातच हलते, तोवर धीर धर.

तुझा,
एक जुना प्रेक्षक