पहिला बर्फातला ट्रेक: क्रॅम्पॉन घ्यायचे का?

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरासाठी क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लांब धातूचे दात) विकत घेऊ नकोस. ते कडक तळाच्या बुटांना आणि उभ्या बर्फाला लागतात. साध्या ट्रेकिंग शूजवर मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायच्या साखळीचे छोटे दात) पुरतात, पायथ्याच्या सांक्री गावात भाड्यानेही मिळतात. भुसभुशीत ताज्या बर्फात त्यांचाही फारसा उपयोग नाही. पहाटे वाट गोठून घट्ट झालेली असते तेव्हा चढव, खडक लागला की काढ. उतरताना घाई नको, बहुतेक जण तिथेच घसरतात.

आपल्या मुंबईकरांची खरी चूक वेगळीच: कळसूबाईला चालणारा कॉटनचा टी-शर्ट आणि जीन्स! ३,८०० मीटरवर घामाने भिजलेलं कॉटन वाळत नाही, अंग गारठवतं. नवे कोरे बूटही नकोत. आधी दोन-तीन रविवार कर्नाळ्याला वापर. हातमोजे मात्र दोन जोड घे. आइस अ‍ॅक्सचं (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचं) पुढच्या वर्षी बघू.