बारीक पॅड उखडतात, जाड जोड वितळत नाही

प्रश्न : माझ्याकडे २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न आहे, दोन पिनांच्या प्लगचं आणि सुईसारख्या बिटचं (तापणाऱ्या टोकाचं). छोट्या पीसीबीवर (सर्किट बोर्डावर) काम करताना पॅड, म्हणजे सुटे भाग जोडायचे तांब्याचे ठिपके, उखडून येतात. पण पॉवर सप्लायच्या बोर्डावर ग्राउंडचा जोड आला की सोल्डर धड वितळतच नाही. आता ६० वॅटचं घेऊ, की थेट १०० वॅटचं?

उत्तर : आधी हे होतं कसं ते सांगते, मग खरेदीचं बोलू.

साध्या आयर्नमध्ये तापमान मोजणारं काहीच नसतं. स्विच चालू केला की कॉइल एकसारखी उष्णता देत राहते. स्टँडवर नुसतं पडून असताना ती उष्णता कुठे जाणार? बिट चढत चढत ४०० अंशांच्या पुढेही जातं. मग तुम्ही ते उचलून तांदळाएवढ्या पॅडवर टेकवता. पॅड बोर्डाला धरून ठेवणारा थर एवढी आच सोसत नाही, तांबं सुटून येतं. उलट ग्राउंडच्या जोडामागे तांब्याचा मोठा पत्रा असतो. तो बिटातली उष्णता भराभर ओढून घेतो, २५ वॅटला ती वेळेत भरून काढता येत नाही आणि बिट निवतं. ६०-४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) पूर्ण वितळायला १९० अंशांच्या आसपास लागतात, पण जोड तिथवर पोचतच नाही.

म्हणून साधं ६० वॅटचं घेतलंत तर ग्राउंडचे जोड होतील, पण पॅड आणखी जोरात उखडतील. १०० वॅटचं तर विचारूच नका. तुम्हाला हवं आहे ते तापमान धरून ठेवणारं आयर्न. त्यात वॅट म्हणजे नुसता राखीव साठा. बिट निवलं की पूर्ण जोर, ठरलेल्या आकड्यावर आलं की बंद. असं ६०-७० वॅटचं आयर्न नाजूक पॅडलाही त्रास देत नाही.

अशा आयर्नच्या डायलवर ४८० अंशांपर्यंत आकडे आहेत म्हणून भुलू नका. शिसंवालं सोल्डर असेल तर मी ३२०-३३० वर ठेवते. बिनशिशाचं नेहमीचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, त्याला ३५०-३६० पुरतात. त्याहून वर मी क्वचितच जाते.

खरा फरक सेन्सर कुठे आहे यात असतो. हाक्को ९३६ च्या धाटणीच्या स्टेशनमध्ये (डायलचा वेगळा डबा आणि त्याला जोडलेलं आयर्न) सिरॅमिक हीटरच्या पोटात सेन्सर असतो आणि बिट वरून टोपणासारखं चढवलेलं असतं. मधे थोडी हवा राहते, त्यामुळे टोक निवल्याची बातमी आत उशिरा पोचते. टी-१२ सारख्या बिटांत हीटर, सेन्सर आणि टोक एकाच नळीत बसवलेले असतात. ती काही सेकंदांत तापतात आणि निवली तरी लगेच सावरतात. बिट बदलताना हीटरसकट बदलावं लागतं, हा तोटा आहेच. तरी ग्राउंडचे जोड नेहमीचे असतील तर मी हेच घ्यायला सांगेन.

(इलेक्ट्रॉनिक्सशिवायही तापमान धरता येतं. वेलरच्या जुन्या मॅग्नास्टॅट आयर्नमध्ये बिटाच्या मागे एका मिश्रधातूचा तुकडा असतो. ठरावीक तापमानाला त्याची चुंबकाशी ओढ संपते आणि स्विच सुटतो. बिटावर ७ आकडा असेल तर ७०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३७० सेल्सिअस. माझा हात त्याच्यावरच बसला, आणि ती टकटक ऐकू आली की अजून बरं वाटतं.)

घेण्याआधी एक भंगार बोर्ड घेऊन बसा. छिनीसारखं, दोन-अडीच मिलिमीटर रुंद बिट लावा, ते ग्राउंडच्या जोडावर आडवं टेकवा आणि थोडं सोल्डर द्या. तीन-चार सेकंदांत ते चकचकीत होऊन पायाभोवती पसरलं पाहिजे आणि छिद्रात उतरलं पाहिजे. तेव्हा डिस्प्लेवरचा आकडा हललाच नाही म्हणून खूश होऊ नका. सेन्सर टोकापासून लांब असला तर त्याला पत्ताच नसतो. सुईसारखं बिट मात्र बाजूला ठेवून द्या. त्याचा जोडाला स्पर्शच एवढासा होतो, की मागे कितीही वॅट असले तरी उष्णता पुढे सरकत नाही. तुमच्या तक्रारीतला बराचसा भाग या बिटाचा आहे.

प्लग तीन पिनांचाच हवा. तो सॉकेटमधून काढून मल्टिमीटरची एक प्रोब अर्थच्या पिनेला आणि दुसरी बिटाला लावा, दोन ओहमच्या आत रीडिंग यायला हवं. यूएसबी-सीवर चालणारी छोटी आयर्न कामाला चांगली असतात, पण ॲडॅप्टरला अर्थ नसेल तर बिटावर गळतीचा व्होल्टेज येतो. मॉसफेट या ट्रान्झिस्टरच्या गेटला, म्हणजे त्याच्या नाजूक कंट्रोल पिनेला, तो चालत नाही. अशा आयर्नला अर्थची वेगळी वायर जोडायची सोय आहे का, ते बघा.

वायर सिलिकॉनची घ्या. पीव्हीसीची वायर बिटाला लागली की वितळते, शिवाय ताठ असल्याने मनगट ओढत राहते.

प्रश्न : बिट काळं पडलंय, सोल्डर गोळी होऊन घरंगळतं. कानशीने घासू का?

उत्तर : अजिबात नको. बिट आतून तांब्याचं असतं आणि त्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो गेला की सोल्डर तांबं खायला लागतं आणि टोकाला खड्डा पडतो. तापमान ३०० च्या जवळ आणा, फ्लक्स (धातूवरचा काळा थर काढणारा पदार्थ) लावा, पितळी काथ्यात बिट खुपसून फिरवा आणि लगेच ताजं सोल्डर चढवा. चार-पाचदा करावं लागेल. काम संपल्यावर बिट पुसून ठेवू नका, सोल्डरचा थेंब तसाच राहू द्या आणि मगच स्विच बंद करा. खड्डा आधीच पडला असेल तर नवं बिट घ्या.