खाऱ्या पाण्याच्या नव्या टँकसाठी सफाईचे जीव कोणते आणि किती घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूरकडचं गाव, १५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, सुरू करून पाच आठवडे झाले, मासा अजून एकही नाही, दगडांवर आणि वाळूवर तपकिरी थर आलाय, आणि विक्रेता ४० जीवांचा ‘सफाई पॅक’, म्हणजे शेवाळ आणि उरलेलं अन्न खाणाऱ्या गोगलगाई, खेकडे वगैरे, घ्या म्हणतो.

तो पॅक घेऊ नका. नव्या टँकमध्ये ४० तोंडांना पुरेल एवढं खाणंच नसतं. तपकिरी थर डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाचा आहे. पाण्यातलं सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो, मग गोगलगाई उपाशी मरायला लागतात. एक मेली की पाण्यात अमोनिया वाढतो आणि तो बाकीच्यांना पाडतो.

आधी टेस्ट किटने बघा: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला २० मिलिग्रॅमच्या) आत. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २५-२६ अंश. मग मागच्या काचेवर बोट फिरवा. रेघ उमटली आणि दोन-तीन दिवसांत ती पुन्हा भरून आली, तर टँकमध्ये खाणं तयार होतंय असं समजा. रेघ कोरीच राहिली तर थांबा.

पहिल्या खेपेला मी फक्त सात जीव सांगेन: चार सेरिथ आणि तीन ट्रोकस, दोन्ही समुद्री गोगलगाई. सेरिथ लहान, लांबट, टोकदार शंखाची. रात्री निघते आणि काच, दगडांच्या फटी, वाळूचा वरचा थर, सगळीकडे चरते. ट्रोकस कोनासारखी दिसते आणि उलटी पडली तर स्वतः सरळ होते. ॲस्ट्रिया स्वस्त मिळते, कामही चांगलं करते, पण वाळूवर उताणी पडली की तिला उठता येत नाही, तशीच मरते. घेतलीत तर रोज सकाळी बघून सरळ करावी लागेल. ट्रोकस घेताना जात विचारा, कारण ‘ट्रोकस निलोटिकस’ आणि मोठी ‘टर्बो मार्मोरेटस’ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. समुद्रकाकडी तर कोणतीच घेऊ नका, तिला याच १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे.

नासारियस ही गोगलगाय शेवाळ खातच नाही. ती वाळूत पुरून बसते, फक्त सोंडेसारखी नळी वर ठेवते, आणि मांसाचा वास आला की बाहेर येते. तिचं खाणं म्हणजे माशांचं उरलेलं अन्न. म्हणून मासे आल्यावर तीन आणा, आत्ता नको. संन्यासी खेकडे दोनपेक्षा जास्त नकोत. शंख हवा म्हणून ते जिवंत गोगलगाईला मारतात. टँकमध्ये थोडे मोठे, गोल तोंडाचे रिकामे शंख उकळून, धुऊन टाकून ठेवा. वाळू चाळणारा तारामासा १५० लिटरमध्ये काही महिन्यांत उपासाने संपतो, तो घेऊच नका. कोळंबी दोन-तीन महिन्यांनी.

आता पाणी. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी आधीच खारं आहे, मग मीठ कमी लागेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार ठरावीक प्रमाणात असतात. आपल्या पाण्यात ते खूप कमी आणि वेगळ्याच प्रमाणात. आरओचंच पाणी वापरा. घरगुती आरओला मिनरल कार्ट्रिज किंवा कच्चं पाणी मिसळणारा टीडीएसचा स्क्रू असतो; तो बंद करून, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. नाहीतर शेवाळाला आणि डायटमला रोजचा खुराक मिळत राहतो.

फवारणीचा ड्रम, मग, बादली टँकच्या पाण्याला कधीच लावू नका, कितीही धुतलेले असोत. संत्र्याला मारायच्या बोर्डो मिश्रणात आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडमध्ये तांबं असतं. तांब्याचा अंशही गोगलगाय, खेकडा, कोळंबीला मारतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या औषधातही बहुधा तांबंच असतं, म्हणून ते या टँकमध्ये घालू नका. जुना टँक किंवा दगड विकत घेतले असतील तर त्यात पूर्वी असं औषध टाकलं होतं का, ते विचारा. टँकच्या खोलीत डास मारायचा स्प्रेही नको.

मागवायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मुंबई किंवा चेन्नईहून नागपूर किंवा अमरावती, तिथून ट्रॅव्हल्सने तुमच्यापर्यंत, यात पुरा दिवस सहज जातो, आणि मे महिन्यात डिकीतल्या थर्मोकोलच्या पेटीत पाणी शिजतं. पैसे देण्याआधी त्याच जिवांचा व्हिडिओ मागा: गोगलगाय काचेला घट्ट चिकटलेली, मिशा हलत असलेल्या. तळाला तोंड उघडं टाकून पडलेली असेल तर सोडा.

पेटी आली की पिशवी २० मिनिटं टँकवर तरंगत ठेवा. मग एअर पाइपला सैल गाठ मारून टँकचं पाणी पिशवीत सोडा, सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर. पिशवीतलं पाणी तिप्पट होईपर्यंत. दुकानातलं पाणी बहुधा कमी खारं असतं आणि या जिवांना खारेपणाचा झटका सोसत नाही. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. गोगलगाय दगडावर सरळ ठेवा, वरून सोडू नका.

उन्हाळ्यात पाणी २८ च्या वर जाऊ लागलं की पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. आपल्या कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश सहज उतरवतो. पावसाळ्यात तेवढा चालत नाही. पंख्याने पाणी मात्र भराभर उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज काचेवरच्या खुणेपर्यंत बिनमिठाचं आरओ पाणी भरा. लाईन गेली तर बॅटरीचा एअर पंप हाताशी हवा, गरम पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी असतो.

पहिला महिना आठवड्यातून एकदा, दिवा बंद केल्यावर तासाभराने टॉर्च मारून सातही मोजा. एखादी दोन दिवस एकाच जागी असेल तर बाहेर काढून वास घ्या. मेलेलीचा वास लगेच कळतो. काच अगदी साफ दिसायला लागली तर आठवड्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा दगडाला रबराने बांधा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढा. आणखी जीव मागवायचे ते काचेवरचं शेवाळ या सातांना आवरेनासं झाल्यावरच, तेही एका वेळी दोन-तीन.