समन्स आलं म्हणजे दावा हरलो असं नाही : वाचकांचे कोर्टाचे प्रश्न

प्रश्न : वकीलताई, काका वारल्यावर चुलत भावाने आमच्या शेतजमिनीवर वाटपाचा दावा लावलाय. परवा बेलीफ समन्स देऊन गेला, आई म्हणते घ्यायलाच नको होतं. सातबारावर वडिलांचं एकट्याचं नाव आहे, मग त्याचा दावा टिकेल कसा? आणि तालुक्याला खेटे घालण्यापेक्षा डायरेक्ट हायकोर्टात गेलो तर?

उत्तर : समन्स घेतलंत ते उत्तम केलंत, आईंना सांगा. नाही घेतलं तर बेलीफ नकाराचा शेरा मारून दाराला चिकटवून जातो, मग कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं आणि तुम्ही घरी निवांत असताना तिकडे दावा एकतर्फी चालतो. तसा निकाल रद्द करून घ्यायला साधारण ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, वर गैरहजेरीचं कारण पटवा, खर्च भरा... तो सगळा उपद्व्याप वाचला.

हायकोर्टाचं मला आठवड्यातून एकजण तरी विचारतोच. दिवाणी दावा, तो चालवायचा अधिकार असलेल्या सगळ्यात खालच्या कोर्टातच सुरू होतो आणि जमिनीचा असेल तर जमीन जिथे आहे तिथल्याच. आपल्याकडे आधी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दाव्याची किंमत मोठी असेल तर वरिष्ठ स्तर, वर जिल्हा न्यायालय, मग हायकोर्ट, सुप्रीम. (मुंबई शहराची गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको.) वर जायचं ते अपिलात, आणि दुसरं अपील हायकोर्टात चालतं ते कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. साक्षीपुरावा सगळा खालीच होतो, तिथे लावायचा राहिलेला कागद अपिलात सहजासहजी लावू देत नाहीत, त्यामुळे तालुक्याचं कोर्ट म्हणजे किरकोळ असं समजून जे गाफील राहतात ते तिथेच फसतात.

सातबाऱ्याबद्दल तर बहुतेकांचा गैरसमज असतो. ती महसुलाची नोंद आहे, तेवढ्यावर मालकी ठरत नाही. कोर्ट बघणार की जमीन आजोबांकडून आली की वडिलांनी स्वतःच्या पैशाने घेतली, आधी वाटप झालं होतं का. तेव्हा जुने फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र असेल तर ते, आत्ताच गोळा करायला लागा.

आणि मुख्य म्हणजे कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्टाने मुदत वाढवली तर ९० पर्यंत. त्यानंतरही कधीकधी खर्च लावून घेतात पण त्या भरवशावर राहू नका, एकदा 'नो डब्ल्यूएस' (म्हणजे कैफियत आलीच नाही असा शेरा) झालं की तुमची बाजू रेकॉर्डवरच नसते. दाव्यासोबत निशाणी ५ चा अर्ज आहे का तेही बघा. तो तात्पुरत्या मनाईचा असतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत जमीन विकू नका वगैरे, आणि त्या अर्जाला तुमचं लेखी उत्तर वेगळं द्यावं लागतं. पुढे कोर्ट वादाचे मुद्दे काढतं, मग सरतपास (म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने साक्ष), उलटतपास, युक्तिवाद, मग निकाल. वाटपात तर निकालाने आधी फक्त कुणाचा किती हिस्सा ते ठरतं, सरकारला शेतसारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कलेक्टरकडून होते, त्यात आणखी वर्षं जातात. म्हणून मी भावकीतल्या दाव्यात मध्यस्थीचं पहिल्याच महिन्यात विचारते, मग दोघंही पक्षकार माझ्यावर चिडतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि अपील नसतं, म्हणजे प्रकरण तिथेच संपतं.

प्रश्न : घराच्या ताब्याचा निकाल आमच्या बाजूने लागून ४ वर्षं झाली, समोरचा हलत नाही. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : पोलीस म्हणतील कोर्टात जा, आणि बरोबरच म्हणतील. निकाल आपोआप अंमलात येत नसतो, दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, मग बेलीफ जाऊन ताबा देतो आणि गरज पडली तर कोर्टच पोलीस बंदोबस्त देतं. मुदत हुकूमनाम्यापासून (म्हणजे निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या लेखी हुकुमापासून) १२ वर्षं, तुम्ही त्यात आहात. पण हुकूमनामा नीट वाचा, त्यात अमुक भिंत पाडा असा काही करून देण्याचा हुकूम असेल तर तेवढ्या भागाला ३ वर्षंच असतात.

प्रश्न : शेजाऱ्याने शेताचा वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. दावा लावू?

उत्तर : आधी तहसीलदारांकडे जा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली ते अडथळा काढायला लावू शकतात, पण रस्ता अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज हवा. नांगरलं कधी ते तुम्ही लिहिलेलं नाही, तारीख आठवा आणि लगेच निघा.