वाचकांचे प्रश्न : बिअर गोड का लागते?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई मँचेस्टरला असतात. हौस म्हणून घरी बिअर काढतात. ओरिजिनल ग्रॅव्हिटी (आंबण्याआधीची, पाण्याच्या तुलनेतली घनता) दर वेळी १.०५० असते, शेवटी १.०१२ वर येते. या खेपेला चव भरदार यावी म्हणून माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वाढवून सुरुवात १.०७० वर नेली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) मात्र तेवढेच ठेवले. शेवट १.०१८ वर थांबला. बिअर गोडसर, जड लागते. यीस्ट कमजोर निघालं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, यीस्टला दोष देऊ नका. माझी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स (रसातल्या साखरेची टक्केवारी) बघण्यात गेली, त्यामुळे तुमचे आकडे लगेच ओळखीचे वाटले. १.०५० म्हणजे साधारण साडेबारा ब्रिक्स, १.०७० म्हणजे सतरा. पहिल्या मिलचा उसाचा रस अठरा-वीस भरतो, म्हणजे जावयांचा काढा (आंबण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) जवळपास तेवढाच दाट होता.

आता हिशेब बघा. दशांश चिन्हानंतरचे आकडे धरले तर पहिल्या वेळी ५० पैकी ३८ अंश उतरले, या वेळी ७० पैकी ५२. दोन्हीकडे पाऊण वाटा. यीस्टने आपलं काम चोख केलंय. पण उरलेला पाव वाटाच मोठा झाला. माल्टमध्ये डेक्स्ट्रिन असतात, ती नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत आणि तोंडाला जडपणा देतात. शिवाय अल्कोहोल पाच टक्क्यांवरून पावणेसातच्या आसपास गेलं, त्याचीही ऊब आणि गोडसर झाक असते.

खरी गफलत हॉप्सची. १.०५० ला २५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) इतका कडवटपणा बेताचा असतो, पण १.०७० ला तोच २५ दबून जातो. तिथे ३५ हवा. त्यासाठी हॉप्स दीडपट घ्यावे लागतील, कारण दाट काढ्यात त्यांचा कडवटपणा कमी उतरतो. भरदार चव हवी म्हणून नुसतं माल्ट ओतत राहणं मला पटत नाही. ग्रॅव्हिटी वाढवायचीच असेल तर थोड्या माल्टच्या जागी साधी साखर घालावी. ती पूर्ण आंबते, मागे जडपणा ठेवत नाही. बेल्जियममध्ये कडक बिअरला हेच करतात. दाट काढ्याला यीस्टही जास्त लागतं.

मोजताना नमुना २० अंश सेल्सिअसला आणावा, बहुतेक हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती काचनळी) त्याच तापमानाचे असतात. गरम काढ्यात आकडा कमी दिसतो. आंबलेल्या नमुन्यातला गॅस आधी ढवळून काढावा. हायड्रोमीटरला बोटांनी हलकी फिरकी द्यावी, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. डोळा पातळीच्या रेषेत हवा.

ब्रिटनमध्ये घरच्यापुरती बिअर काढायला १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे विनापरवाना काढणं दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा साताऱ्यात हा प्रयोग नको.

आणि जावयांना आजच फोन करा. १.०१८ हा आकडा सलग तीन दिवस तसाच राहिला तरच बाटल्या भरायच्या. आंबणं चालू असताना बूच लावलं तर बाटली फुटते.