सामुदायिक पोलिसिंगचे मूल्यमापन पोलिसांच्या बाजूने करायचे असेल, तर त्यांना नेमके काय विचारावे?

आपण समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी नंदुरबार जिल्ह्यात प्रकल्प करीत आहात. शांतता समिती, ग्रामसुरक्षा दल, मोहल्ला बैठका या सामुदायिक पोलिसिंगच्या, म्हणजे लोकांना सोबत घेऊन करायच्या पोलीसकामाच्या, उपक्रमांचे मूल्यमापन ते राबवणाऱ्या पोलिसांनाच विचारून करता येईल का, असा आपला प्रश्न आहे. तसे करता येते आणि ते व्हायलाही हवे, कारण आजवर या कामाचा हिशेब बहुतेक वेळा वरून मागवलेल्या तक्त्यांतच झालेला मी पाहिला आहे. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. माझी सगळी नोकरी धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांत झाली व त्यातील मोठा काळ मी बीट अंमलदार, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील ठराविक गावांची (बीटची) जबाबदारी असलेला कर्मचारी होतो. पुढील उत्तर त्याच अनुभवावरून देत आहे.

आपण दिलेल्या प्रश्नावलीच्या मसुद्यातील पहिलाच प्रश्न, ‘हा उपक्रम आपल्याला किती उपयुक्त वाटतो?’, काढून टाकावा असे मी सुचवीन. पोलीस खात्यात लेखी दिलेले मत वर जाते हे प्रत्येक शिपायाला पहिल्या वर्षीच कळते, त्यामुळे या प्रश्नाला ‘अतिशय उपयुक्त’ याखेरीज उत्तर मिळणार नाही. मी एका पोलीस ठाण्यात असताना असेच छापील अर्ज आले होते. दुपारी आलेले अर्ज संध्याकाळपर्यंत परत पाठवायचे होते आणि निम्मे कर्मचारी बंदोबस्तावर होते. शेवटी बारनिशीच्या (आवक-जावक टपालाच्या) अंमलदाराने सगळे अर्ज एकाच हाताने भरले व बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी सह्या केल्या. त्या अर्जांवरून कोणी काही निष्कर्ष काढला असेल, तर तो त्या एका अंमलदाराच्या मताचा निष्कर्ष होता.

मताऐवजी आपण वेळ विचारावा. गेल्या सात दिवसांत आपण बीटमधील कोणत्या गावांत गेलात, किती वेळ थांबलात आणि कोणत्या कामासाठी गेलात, एवढेच विचारले तरी बरेच हाती लागेल. बीट अंमलदाराचा आठवडा समन्स-वॉरंटची बजावणी, अर्ज चौकशी, पासपोर्ट पडताळणी, अकस्मात मृत्यूचा पंचनामा आणि आरोपीला न्यायालयात नेणे यांत जातो. उरलेला बंदोबस्तात जातो. सारंगखेड्याची यात्रा, गणपती, सातपुड्यातील काठीची होळी, निवडणुका अशी बंदोबस्ताची रांग वर्षभर संपत नाही. कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था आणि लोकनीती हा संशोधन गट यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १२ हजार पोलिसांना प्रश्न विचारले होते. पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात आणि जवळपास निम्म्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असे त्यात आढळले. अशा माणसाला गावात ‘संवाद साधायला’ पाठवले, तर तो पारावर पाच मिनिटे उभा राहून छायाचित्र काढून परततो. मी त्याला कामचुकार म्हणणार नाही. ज्या कामासाठी वेळच दिलेला नाही, ते काम झाल्याचा पुरावा मात्र त्याच्याकडून मागितला जात असतो.

दुसरी गोष्ट ओळखींची. एखाद्या गावात रात्री दोन वाजता काही घडले, तर आपणहून फोन करतील अशी किती माणसे आपण त्या गावात ओळखता, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारावे. त्यात पोलीस पाटील, सरपंच आणि तंटामुक्त समितीचे अध्यक्ष धरू नयेत, कारण ती नावे नव्या माणसालाही दप्तरात तयार मिळतात. खरी ओळख दुकानदार, आशाताई, बसचालक, पारधी वस्तीवरची एखादी म्हातारी यांच्याशी असते आणि ती जमायला वर्षे लागतात. साक्री तालुक्यातील एका गावात एका आजीने मला गावठी दारूच्या भट्टीची माहिती देण्यापूर्वी विचारले होते, ‘दादा, तू आठेच राहशी ना, का जाशी?’ आपण सांगितले आणि हा माणूस महिन्याभरात बदलून गेला, तर भट्टीवाल्याच्या समोर आपण एकट्याच उरू, ही त्यांची भीती रास्त होती. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात शिपाई ते हवालदार या वर्गाचा एका जागेवरील सर्वसाधारण कालावधी ५ वर्षे, तर पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याचा २ वर्षे ठेवला आहे. म्हणजे विश्वासाची ठेव शिपायाजवळ साठते आणि उपक्रमाचे निर्णय मात्र दोन वर्षांत जाणारा अधिकारी घेतो. म्हणूनच शिपाई, हवालदार, उपनिरीक्षक आणि निरीक्षक यांची उत्तरे आपण एकत्र मिसळू नयेत. त्यांची सरासरी काढली, तर शोधायचे तेच त्यात बुडून जाईल.

भिवंडीचे उदाहरण आपल्याला ठाऊक असेल. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, १९८८ पासून तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या प्रयोगात प्रत्येक मोहल्ल्याशी ठराविक पोलीस कर्मचारी बांधलेला होता आणि तोच त्या मोहल्ल्याला उत्तरदायी होता. मला ही बाब समित्यांइतकीच महत्त्वाची वाटते. आमच्या धुळ्यात २००८ मध्ये दंगल झाली आणि ६ जानेवारी २०१३ रोजी उपाहारगृहातील बिलाच्या किरकोळ वादातून पुन्हा हिंसाचार उसळून पोलिसांच्या गोळीबारात ६ तरुणांचा जीव गेला. शांतता समितीच्या बैठका तर सगळीकडेच होतात. मी ज्या बैठकांना उभा होतो, तेथे वर्षानुवर्षे तीच ज्येष्ठ मंडळी पहिल्या रांगेत असत आणि चौकात रात्री अकरापर्यंत बसणारी मुले त्यांना ओळखतही नसत. हे मागे उभ्या असलेल्या शिपायाला दिसते, पण ते त्याला कोणी विचारत नाही. आपण जरूर विचारा.

तंटामुक्त गाव मोहिमेविषयीही असेच बोलते करावे लागेल. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली आणि तिच्यामुळे बांधाचे, पाण्याचे, वाटणीचे कित्येक जुने वाद मिटलेले मी स्वतः पाहिले आहेत. परंतु मिटवलेल्या तंट्यांची संख्या हीच कामाची मोजणी झाली, तेव्हा कोणता तंटा मिटवू नये हा विवेक सुटू लागला. एका विवाहितेच्या मारहाणीची तक्रार मी गावच्या समितीपुढे नेऊन तडजोडीत मिटवली, कारण महिनाअखेरच्या तक्त्यात आमच्या बीटचा आकडा कमी होता. तीन आठवड्यांनी ती हात मोडलेल्या अवस्थेत परत आली. मग मी गुन्हा दाखल केला, पण तो पहिल्याच दिवशी दाखल व्हायला हवा होता आणि ही चूक माझी होती. कोणत्या गुन्ह्यात तडजोड चालते हे कायद्याने ठरवून दिलेले आहे. तरीही ‘मिटवल्याचे नंतर वाईट वाटले असे एखादे प्रकरण आहे का’ हा प्रश्न आपण एकांतात, नाव न लिहिता विचारलात, तर मला खात्री आहे की अनेकांजवळ उत्तर असेल.

सातपुड्यातील ठाण्यांसाठी भाषेचा एक स्वतंत्र प्रश्न ठेवावा. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावरी आणि भिली बोलली जाते आणि मैदानी भागातून गेलेला शिपाई दुभाष्यावर अवलंबून राहतो. डाकीण ठरवून एखाद्या बाईला छळले जात असेल, तर ती गोष्ट दुभाष्यामार्फत कधीच बाहेर येत नाही, कारण दुभाषाही त्याच पाड्यावरचा असतो.

साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ जणांना जमावाने ठेचून मारले. त्यामागे मोबाइलवरून पसरलेली अफवा होती. मी त्या ठाण्यात नव्हतो, त्यामुळे तेथील कोणाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण त्यानंतर मी माझ्या बीटमधील प्रत्येक गावाबद्दल स्वतःला एकच प्रश्न विचारू लागलो: अफवा आली, तर गर्दी जमण्यापूर्वी येथून मला कोण कळवील? ज्या गावासाठी नाव सुचले नाही, तेथे आमच्या दप्तरी ग्रामसुरक्षा दल असले तरी ते नाही असेच मी धरले. आपल्या प्रश्नावलीत हा प्रश्न गावाच्या नावानिशी घालावा.

पोलिसांची उत्तरे मात्र पडताळल्याशिवाय वापरू नयेत. बीट अंमलदाराने जी नावे सांगितली, त्यांतील चार-पाच माणसांना, त्यांच्या संमतीने आणि ती नावे ठाण्यात कोणालाही न कळवता, आपण स्वतंत्रपणे भेटून ‘आपल्या बीटचा पोलीस कोण?’ एवढेच विचारावे. मुलाखती ठाण्यात घेऊ नयेत, गणेशोत्सवाच्या आसपास तर मुळीच नको. जिल्हा पोलीस अधीक्षकांची लेखी परवानगी आधी घ्यावी, परंतु प्रश्नांची उत्तरे त्यांच्या कार्यालयामार्फत मागवू नयेत. दूरक्षेत्रात (ठाण्याच्या लांबच्या चौकीत) रात्रपाळीला असलेला हवालदार निवांत भेटतो. त्याच्यासाठी दोन तास राखून ठेवावेत आणि पहिला अर्धा तास वही पिशवीतच असू द्यावी.